वाड्यातली फियाट चालू करायची तर

दहा-पंधरा वर्षं जागची न हललेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर पुन्हा चालू होते का? नांदेड-लातूरकडे हा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'होते' असंच असतं. या गाड्यांची इंजिनं साधी. ना संगणक, ना सेन्सर. पेट्रोल पोचलं, ठिणगी पडली आणि पिस्टन जाम झालेला नसला, की इंजिन उचलतं. तो आवाज ऐकून घरातली सगळी माणसं अंगणात गोळा होतात, पेढे वाटले जातात, आणि महिनाभरात गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाते. कारण इंजिन सुरू होणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अडतं ते ब्रेकपाशी, टाकीपाशी, रेडिएटरपाशी आणि सर्वांत जास्त कपाटातल्या आरसी बुकापाशी.

आपल्या भागात अडगळीत पडलेल्या गाड्या मुख्यतः तीन घराण्यांतल्या. पहिली फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. आधी ती गोलसर अंगाची 'डुक्कर फियाट', मग डिलाइट, १९७२ ची प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं आणि पत्रा बदलत गेला. इंजिन मात्र तेच १०८९ सीसीचं, चार सिलेंडरचं. दुसरी उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर, जी १९५० च्या दशकाच्या शेवटी आली आणि थेट २०१४ पर्यंत निघत राहिली. तिसरी महिंद्राची जीप. आडत बाजारातला व्यापारी, डॉक्टर आणि वकील यांची फियाट, कचेरीची आणि पुढाऱ्यांची अ‍ॅम्बेसेडर, शेत आणि साखर कारखान्याच्या रस्त्यावर जीप, अशी ढोबळ वाटणी होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू या गाड्या अंगणातून गोठ्याकडे सरकल्या.

एकच इंजिन इतकी दशकं चाललं याची त्या काळी चेष्टा व्हायची. आज तीच गोष्ट कामी येते. १९६५ च्या डिलाइटला लागणारी बरीचशी वस्तू १९९५ च्या पद्मिनीची चालते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं हा सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला होता. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. माल अजून मिळतो, पण मागणी टिकवून धरणारं मोठं गिऱ्हाईक आता उरलं नाही, हे लक्षात घेऊनच कामाला लागावं.

बंद ठेवल्यानं गाडी जपली जाते, हा मोठा गैरसमज. नांदेड आणि लातूर दोन्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, तेव्हा उदाहरणही तिथलंच घेऊ. सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट मागवली. आत सिंहासनासारखी उंच बैठक असलेली ती पिवळी गाडी १९१२ ची, आणि मागवणारे १९११ मध्येच वारलेले. ती जेमतेम काहीशे मैल चालली, पुढे दशकानुदशकं उभी राहिली, आणि मग मोठा जीर्णोद्धार करून हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात मांडावी लागली. उलट कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक पाहा. १९३० च्या दशकातली ही जर्मन गाडी दसऱ्याला रस्त्यावर येते. वर्षातून एकदा का होईना, तिच्या इंजिनात तेल फिरतं, चाकं फिरतात, आणि त्यानिमित्तानं कुणीतरी तिच्याकडे नीट बघतं. लाखो रुपयांच्या दुरुस्तीपेक्षा असा एक मानाचा दिवस गाडीला जास्त टिकवतो.

मराठवाड्याच्या हवेचा एक फायदा आहे आणि तो इथले लोक कधी मोजत नाहीत. लातूरला वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस. मुंबईला त्याच्या तिप्पट, वर खारा वारा. मुंबई-कोकणातली पंधरा वर्षं उभी असलेली फियाट दाराच्या खालच्या पट्टीपासून चाळण झालेली असते. इकडची तितकीच जुनी गाडी पत्र्यानं बरीच शाबूत निघते. जे काही सडतं ते खालून. काळ्या मातीच्या जमिनीवर गाडी टेकलेली असेल तर पावसाळाभर ओल वर चढते आणि पायाखालचा पत्रा जातो, म्हणून बघायला जाताना आधी गालिचा उचलावा, बॉनेट नंतर. पण पत्रा वाचवणारी हीच कोरडी हवा रबराचा जीव घेते. होज पाइप, दारांची बीडिंग, इंजिनाचे फाउंडेशन, टायर, ब्रेकचे वॉशर, सगळं तडकतं. त्यात माळवदाची खोली असेल तर वरून माती गळत राहते, शेजारी सोयाबीनची पोती असतील तर उंदीर ठरलेले. वायरिंगचं वेष्टण त्यांना आवडतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात त्यांचा संसार सापडतो. कुंभारमाशी उघड्या नळीच्या तोंडाशी मातीचं घर करते. सायलेन्सर आणि पेट्रोलची नळी तपासताना हे ध्यानात ठेवावं.

आता इंजिन. सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे नवी बॅटरी आणून थेट सेल्फ मारणं. किंवा त्याहून वाईट, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणं, जे खेड्यात सर्रास होतं. सिलेंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ थर आला असेल तर रिंगा त्याला चिकटलेल्या असतात. झटका दिला की रिंग तुटते आणि साध्या कामाचं बोअरिंग-पिस्टनचं काम होतं. चारही प्लग काढावेत, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडावं आणि गाडीला दोन-चार दिवस तशीच राहू द्यावी. मग हँडल घालून, तेही नसेल तर पुलीच्या नटाला पाना लावून, हातानं हळू फिरवावं. फिरलं तर निम्मी चिंता मिटली. नाही फिरलं तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. इथे घाई करणारा मिस्त्री बदलावा, इतकं स्पष्ट सांगतो.

हातानं फिरलं की जुनं इंजिन ऑइल सोडून द्यायचं. ते काळं नसून दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे हेड गॅस्केटपर्यंत गोष्ट जाणार. नवं ऑइल साधं खनिज, २०डब्ल्यू-५०. आजच्या गाड्यांसाठीचं महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनांना नको. त्यांच्या ढिल्या झालेल्या सीलमधून ते गळतं आणि टॅपेटला हवं ते संरक्षणही देत नाही. प्लग काढलेलेच ठेवून सेल्फनं इंजिन फिरवावं, म्हणजे दाबाविना तेल वरपर्यंत चढतं. त्यानंतर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासून स्वच्छ करणं, कंडेन्सर बदलणं, ठिणगी निळी पडते का बघणं. टाकी अजून साफ झालेली नसते, म्हणून अनुभवी मिस्त्री बाटलीतून नळीनं कार्बोरेटरला ताजं पेट्रोल सोडतो. हे सगळं जिथे चालतं तिथे वाळूची बादली हाताशी हवी. माणसं बिडी पीत बॉनेटवर वाकतात, हे दृश्य काही नवं नाही.

क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते, त्यामुळे पहिल्या दिवशी गिअर पडत नाही आणि लोक गिअरबॉक्स खोलायला निघतात. पेडल लाकडानं दाबून दोन दिवस ठेवलं तरी पुष्कळदा सुटते.

पेट्रोलचा प्रश्न मात्र सविस्तर बोलण्यासारखा आहे, कारण तो थेट आपल्याच उसाशी जोडलेला आहे. १९९८ मध्ये बंद केलेली फियाट ज्या पेट्रोलवर चालत होती ते आता देशात मिळतच नाही. १ फेब्रुवारी २००० पासून शिसं गेलं. २००३ पासून इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२२ मध्ये त्याचं प्रमाण १० टक्क्यांवर आलं आणि २०२५ पर्यंत पंपापंपावर २० टक्के झालं. हे इथेनॉल काही परदेशातून येत नाही. लातूरच्या मांजरा परिवारातल्या कारखान्यांसारख्या ठिकाणीच ते तयार होतं. ऊस उत्पादकाला त्यातून पैसा मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच ऊस उत्पादकाच्या गोठ्यातल्या फियाटला ते पचत नाही.

शिसं गेल्याचा त्रास अ‍ॅम्बेसेडरला जास्त. तिचं हेड बिडाचं, आणि व्हॉल्व्ह ज्या जागी बसतो ती जागा शिशाच्या लेपावर विसंबून. लांब पल्ल्याला वेगात पळवली तर ती झिजते. गावातल्या गावात चालवायची असेल तर घाबरण्याचं कारण नाही. कधी हेड उतरवलंच तर कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात. इथेनॉलचा त्रास मात्र सगळ्यांना. जुनं रबर आणि कॉर्कची पॅकिंग त्यात फुगते, मऊ होते. फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटतो आणि पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला डिंकासारखा थर इथेनॉल सोडवतं आणि तो नेमका कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. 'कालपर्यंत नीट चालत होती, आज टाकी फुल केली आणि बंद पडली' ही तक्रार इथूनच येते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर बसतो आणि टाकी आतून गंजते.

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. टाकी उतरवून आतून धुऊन घ्यावी, रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, पंप आणि कार्बोरेटरचं पूर्ण किट बदलावं, टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर बसवावा. मिश्रण थोडं घट्ट करून घ्यावं लागतं, नाहीतर इंजिन तापतं. आणि जी गाडी महिन्यातून एकदा निघते तिची टाकी फुल करून ठेवण्याची जुनी सवय सोडावी. लागेल तेवढंच भरावं.

पाण्याचंही असंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या फेरीला सुमारे पाच लाख लिटर, हे सगळ्या देशानं पाहिलं. जिथे माणसांना टँकरची वाट बघावी लागते तिथे रेडिएटरमध्ये काय ओतलं जात असेल? बोअरचं पाणी. खोल बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं ओतल्यावर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत पांढरा थर चढतो. घरातल्या गीझरची कॉइल ज्यांनी बदलली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फियाटचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यानं तिच्यात नुसता थर चढत नाही, धातूही खाल्ला जातो. मग मे महिन्यात ४२ अंशांत गाडी औशापर्यंत जाते आणि उकळते. लोक म्हणतात, जुनी गाडी आहे, तापणारच. ही समजूत चुकीची आहे. हीच फियाट आणि हीच अ‍ॅम्बेसेडर साठ-सत्तरच्या दशकात याच उन्हात हैदराबादपर्यंत जात होती. रेडिएटर उतरवून, वरच्या-खालच्या टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून घेणारा कारागीर अजून दोन्ही शहरांत मिळतो. ते काम करून घ्यावं, वॉटर पंपाचं सील बदलावं, आणि त्यानंतर आत जाईल ते फक्त डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. नळाचंही नको.

ब्रेकबद्दल मी हट्टी आहे. गाडी अंगणातून फाटकापर्यंत न्यायची असली तरी आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. दहा वर्षांत मास्टर सिलेंडर आणि चारही व्हील सिलेंडर आतून गंजतात. पेडल पहिल्यांदा घट्ट लागतं, म्हणून वाटतं ठीक आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या दाबाला ते खाली जातं. या जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकची लाइन बहुधा एकच असते. एक वॉशर फुटला की चारही चाकं मोकळी. वॉशर, रबरी होज, ऑइल सगळं नवं टाकावं, खरचटलेले सिलेंडर बदलावेत. सगळ्या खर्चात काटकसर करायची असेल तर रंगात करा. इथे नको.

टायरला भेगा दिसत नसल्या तरी जुना टायर जुनाच. २००० नंतरच्या टायरवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. वायरिंगमध्ये उंदरानं कुरतडलेली जागा टेप गुंडाळून भागवू नये. आणि पन्नास-साठच्या दशकातल्या काही गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, तो उलटा लावला तर डायनॅमो आणि मीटर दोन्ही जातात.

हे सगळं करणार कोण? आजचा तरुण मेकॅनिक स्कॅनर लावल्याशिवाय बोलत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्यानं पॉइंट सेट करताना कुणाला पाहिलेलंच नाही. ज्यांनी पाहिलं ते उस्ताद आता सत्तरीला आले. नांदेडला १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि आयटीआय आहेत. एखाद्या उस्तादाला आठवड्यातून एक दिवस बोलावून विद्यार्थ्यांपुढे पद्मिनीचं इंजिन खोलायला लावलं, तर अंतर्ज्वलन इंजिनाचा अख्खा धडा त्यांच्या हाताखालून जाईल. सुट्या भागांसाठी मराठवाड्याला मुंबईकडे बघायची सवय आहे, पण हैदराबाद निम्म्या अंतरावर आहे आणि तिथला जुन्या मालाचा बाजार मोठा आहे. जे मिळत नाही ते लेथवर करून घेता येतं. शेती अवजारांमुळे आपल्याकडे चांगले लेथवाले टिकून आहेत.

एवढं करून गाडी दारात उभी राहिली तरी रस्त्यावर नेता येईलच असं नाही. माझ्या मते या भागातल्या निम्म्याहून जास्त गाड्या कागदांपायी उभ्या आहेत. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा गेले, वारस पाच, वाटण्या अपुऱ्या. शेताचा सातबारा सगळे सांभाळतात. गाडीच्या आरसी बुकावर नाव चढवायचं कुणाला सुचत नाही. मालक वारल्यावर हस्तांतरासाठी नमुना ३१ असतो आणि बाकी वारसांची लेखी संमती लागते. दुसरी गोम जिल्ह्यांच्या विभाजनाची. लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्याआधीच्या गाडीची मूळ नोंद लातूरला शोधून उपयोग नाही. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत होती. तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या कित्येक नोंदी कागदी रजिस्टरात आहेत, ऑनलाइन प्रणालीत नाहीत. त्या चढवून घेतल्याशिवाय पुढचं काहीच सरकत नाही. लातूरचं एमएच २४ किंवा नांदेडचं एमएच २६ कार्यालय असो, जाताना जुना कर भरल्याची पावती, विम्याचा जुना कागद, जे सापडेल ते घेऊन जावं.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात घालावीच लागते, असं इथे पुष्कळांना वाटतं. तो नियम दिल्ली परिसरापुरता, न्यायालय आणि हरित लवादाच्या आदेशांतून आलेला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. मात्र ती स्वस्त राहिलेली नाही. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी १०,००० झालं. वर उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा नंबर प्लेट. पीयूसीला घाबरू नये; भारत स्टेजपूर्वीच्या पेट्रोल मोटारीला ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे आणि नीट जुळवलेला कार्बोरेटर त्यात बसतो.

जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी विंटेज गाडीचा वेगळा वर्ग केला आहे. पहिल्या विक्रीला पन्नास वर्षं झालेली, खासगी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यात येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं; नंबरात 'व्हीए' अक्षरं; आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण ही गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. पहिल्या पद्मिनी आता कुठे या वयाला पोचत आहेत. मला या नियमात एक उणीव दिसते. मराठवाड्यातल्या जुन्या जीपांपैकी कितीतरींचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं आहे, कारण शेतकऱ्याला तेच परवडत होतं. 'मूळ स्वरूप' या अटीत त्या बसत नाहीत. खरं तर डिझेल इंजिनाची जीप हाच आपल्या भागाचा अस्सल इतिहास आहे. तो नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर नव्हता.

राहिला खर्चाचा प्रश्न. गाडी चालू करणं आणि गाडी नवी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकात मिसळली की पैसा आणि वर्षं दोन्ही जातात. डेंटिंग-पेंटिंगला दिलेली, सीटांसकट सुटी केलेली गाडी दोन-तीन वर्षं कारखान्यात पडून राहते आणि शेवटी पोत्यात भरून परत येते. पद्मिनी किंवा सत्तर-ऐंशीच्या दशकातली अ‍ॅम्बेसेडर सोन्यासारखी चमकवून तिचे पैसे वसूल होत नाहीत. बाजारात तशी किंमत नाही. मूळ रंग उडालेला असला, पत्रा शाबूत असला, तर तो तसाच राहू द्यावा. ब्रेक, टाकी, पाणी, टायर, वायरिंग एवढं करून ती महिन्यातून दोनदा पंधरा-वीस किलोमीटर फिरवावी. डुक्कर फियाट, त्याआधीची विलायती गाडी किंवा जुनी पेट्रोल जीप मूळ अवस्थेत असेल तर हिशेब वेगळा; तिथे जाणकार माणसाला दाखवल्याशिवाय पान्याला हात लावू नये. आणि पायाचा पत्रा पूर्ण गेलेली, नोंद कुठेच नसलेली, वारसांत वाद असलेली पद्मिनी असेल तर तिचे चांगले भाग दुसऱ्या चालत्या गाडीला द्यावेत, हेच शहाणपणाचं.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा, त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा, आणि घरातल्या सगळ्यांच्या सह्या त्यांच्या हयातीत घेऊन ठेवा.